एका माणसामागे एक आणा: नामदार गोखल्यांनी सरकारपुढे मांडलेला शाळेचा हिशेब

दर वर्षी आरटीईच्या २५ टक्के प्रवेशांची लॉटरी लागली की महाराष्ट्रात एक आकडा फिरायला लागतो. १७,६७०. गरीब घरातल्या एका मुलाला खाजगी शाळेने मोफत शिकवलं, तर सरकारने त्या शाळेला वर्षाला जास्तीत जास्त किती रुपये द्यायचे, याचा हा गेल्या काही वर्षांतला दर. संस्थाचालक म्हणतात एवढ्यात भागत नाही, पालक म्हणतात आमच्या मुलाला मागच्या बाकावर बसवू नका, आणि सरकार म्हणतं तिजोरीत आहे तेवढंच देणार.

या भांडणाच्या मुळाशी असलेला प्रश्न अगदी साधा आहे. एका मुलाला धड शिकवायचं तर खर्च किती येतो, आणि तो कोणी करायचा?

शंभर वर्षांहून जास्त काळापूर्वी पुण्याच्या एका गणिताच्या मास्तराने हाच प्रश्न थेट इंग्रज सरकारच्या कौन्सिलात उभा केला होता. तोही भाषणबाजी करून नाही, तर मुलं किती, खर्च किती, त्यातला सरकारचा वाटा किती, असा पाटीवर मांडतात तसा हिशेब मांडून. त्या मास्तरांचं नाव गोपाळ कृष्ण गोखले.

गोखले म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. गांधीजींचे राजकीय गुरू आणि टिळकांचे विरोधक. दोन्ही खरं आहे. पण या दोन ओळखींच्या मध्ये त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई दबून गेली. ती लढाई होती प्राथमिक शाळेच्या खर्चाची.

पंधरा रुपयांतले आठ

९ मे १८६६ ला रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी गोखल्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात साध्या नोकरीत होते. १८७९ मध्ये ते गेले तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता. थोरला भाऊ गोविंदही शिकण्याच्याच वयाचा. घरात दोघांचं शिक्षण होणं शक्य नव्हतं, म्हणून गोविंदरावांनी शाळा सोडली आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली.

त्या १५ रुपयांतले ८ रुपये ते दर महिन्याला कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवायचे. उरलेल्या ७ रुपयांत घर चालायचं.

म्हणजे एका मुलाच्या शिक्षणाला महिन्याला काय लागतं आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाला काय सोडावं लागतं, हे या माणसाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केल्याच्या गोष्टी त्यांच्याबद्दल सांगितल्या जातात, तशा त्या काळातल्या बऱ्याच थोरांबद्दल सांगितल्या जातात. आठ रुपयांचा हिशेब मात्र त्यांच्या चरित्रांतून पुन्हा पुन्हा येतो.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गोखले बी.ए. झाले. वकिलीकडे वळता आलं असतं, इंजिनिअर व्हायचाही विचार झाला. पण १८८५ मध्ये ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपये पगारावर मास्तर म्हणून लागले आणि पुढच्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. सोसायटीचा नियम कडक होता. २० वर्षं शिकवायचं आणि महिना ७५ रुपयांत भागवायचं. वर कोणी काय कमवायचं, यावरूनच पुढे सोसायटीत मोठं भांडण झालं आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. तो एक वेगळा आणि लांबलचक विषय आहे.

फर्ग्युसन कॉलेजात गोखले गणित शिकवायचे, इंग्रजी शिकवायचे, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही. ज्या विषयाला माणूस नसेल तो विषय गोखल्यांकडे, असा एकूण मामला होता. त्यांनी अंकगणिताचं एक पुस्तक लिहिलं. ते मॅकमिलनने छापलं आणि शाळांमधून वर्षानुवर्षं चाललं. पुढे पूर्णवेळ सार्वजनिक कामात पडल्यावर याच पुस्तकाच्या रॉयल्टीवर त्यांचं घर बरंचसं चालायचं.

सुट्टी लागली की हे प्राध्यापक कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करत फिरायचे. राजेरजवाड्यांच्या दारात, वकिलांच्या दिवाणखान्यात, व्यापाऱ्यांच्या पेढीवर. शाळा चालवायला पैसा लागतो आणि तो मागताना मान खाली घालावी लागते, हा धडा त्यांनी इथे गिरवला. सरकारी पैशाच्या मागे ते पुढे एवढे का लागले, याचं एक कारण मला तरी या वर्गणीच्या वणवणीत दिसतं.

आकड्यांचं खरं शिक्षण दिलं ते न्यायमूर्ती रानड्यांनी. सरकारी अहवाल घ्यायचे, तक्ते उलगडायचे, प्रत्येक रक्कम तपासायची आणि मगच लिहायला बसायचं. रानडे चुकीला माफी देणारे नव्हते. या तालमीतून तयार झालेले गोखले १८९७ मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे भारताच्या खर्चाबद्दल साक्ष द्यायला गेले तेव्हा ३० वर्षांचे होते. त्याच दौऱ्यात त्यांनी पुण्याच्या प्लेगमधल्या सोल्जरांच्या अत्याचारांबद्दल मित्रांच्या पत्रांवरून केलेलं विधान पुराव्याअभावी अंगाशी आलं, आणि परतल्यावर जाहीर माफी मागावी लागली. त्यावरून त्यांच्यावर भरपूर टीका झाली. त्यानंतर गोखल्यांच्या भाषणात सरकारी कागदाचा आधार नसलेला आकडा सापडणं कठीण.

शिल्लक आली कुठून?

१९०२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या इंपीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलात पोचले. फर्ग्युसनमधून निवृत्ती घेतली. आणि मार्च १९०२ मध्ये बजेटवर पहिलं भाषण केलं.

त्या वर्षी सरकारकडे भरपूर शिल्लक होती आणि सरकार खूश होतं. तिजोरी भरली म्हणजे देश सुखात आहे, असा सरकारी सूर होता. गोखल्यांनी ही शिल्लक सोलून दाखवली.

गणित असं होतं. भारत सरकारला दर वर्षी लंडनमध्ये पौंडात मोठी रक्कम भरावी लागायची. रुपयाचा भाव पडत पडत १३ पेन्सपर्यंत आला होता, तेव्हा तेवढेच पौंड भरायला जास्त रुपये लागायचे. ती खोट भरून काढायला सरकारने कर वाढवले. पुढे रुपया सावरून १६ पेन्सवर गेला. आता तेच पौंड कमी रुपयांत भरून व्हायला लागले, पण वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. म्हणजे शिल्लक ही लोकांच्या भरभराटीची खूण नव्हती. दुष्काळ आणि प्लेगने मोडलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला तो कर होता.

मग त्यांनी विचारलं की हा जास्तीचा पैसा परत का करत नाही? निदान मिठावरचा कर कमी करा आणि शाळांवर खर्च करा.

मिठाचा कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. हे एकट्या गोखल्यांमुळे झालं असं म्हणणं जरा जास्त होईल, पण दर वर्षी बजेटच्या वेळी हा विषय लावून धरणाऱ्यांत ते आघाडीवर होते. मिठाची ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

मधल्या काळात १९०५ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी १२ जूनला पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. पण शाळेचा विषय त्यांनी सोडला नव्हता.

एक आणा

शाळांची अवस्था काय होती? लॉर्ड कर्झनच्याच सरकारने १९०४ मध्ये लिहून ठेवलं होतं की पाचातल्या चार गावांत शाळा नाही, चारातले तीन मुलगे काहीच न शिकता वाढतात आणि चाळीस मुलींत जेमतेम एक मुलगी शाळेत जाते. १९११ च्या शिरगणतीत लिहिता-वाचता येणारे लोक शंभरात सहाच्या आसपास निघाले.

गोखल्यांनी मग वेगवेगळ्या देशांचा प्राथमिक शिक्षणावरचा सरकारी खर्च काढला आणि त्याला लोकसंख्येने भागलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये माणशी १० शिलिंग पडत होते. युरोपात मागास समजल्या जाणाऱ्या रशियात साडेसात पेन्स. आणि ब्रिटिश हिंदुस्थानात? जेमतेम १ पेनी.

रुपयाचे १६ पेन्स आणि रुपयाचे १६ आणे, त्यामुळे एक पेनी म्हणजे बरोबर एक आणा. आपल्या हिशेबात मांडायचं तर इंग्लंड माणशी साडेसात रुपये खर्च करत होतं, रशिया साडेसात आणे आणि इथलं इंग्रज सरकार एक आणा.

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडशी तुलना कशी करायची, तो श्रीमंत देश. हाच आक्षेप येणार हे गोखल्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी उदाहरण दिलं ते बडोद्याचं. माणसं तशीच, शेती तशीच, दुष्काळही तेच. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. बडोदा माणशी साडेसहा आणे खर्च करत होतं. परिणाम? शाळेच्या वयाचे सुमारे ८० टक्के मुलगे तिथे शाळेत होते, तर ब्रिटिश मुलखात सुमारे २१ टक्के. मुलींमध्ये फरक तर त्याहून मोठा होता. बडोद्यात जवळपास निम्म्या मुली शाळेत, इकडे शंभरात चार.

म्हणजे पैसा टाकला तर मुलं शाळेत येतात, हे शेजारच्याच घरात सिद्ध झालं होतं.

मार्च १९१० मध्ये गोखल्यांनी कौन्सिलात ठराव मांडला की देशभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याची सुरुवात करावी आणि त्यासाठी सरकारी-बिनसरकारी लोकांची समिती नेमावी. सरकारने विचार करतो असं आश्वासन दिलं आणि त्यांनी ठराव मागे घेतला. वर्ष संपायच्या आत सरकारने वेगळं शिक्षण खातं काढलं, त्यावर हारकोर्ट बटलर यांना बसवलं, पण सक्तीचा विषय काही पुढे सरकेना. तेव्हा १६ मार्च १९११ ला गोखल्यांनी स्वतःच विधेयक आणलं.

विधेयकातला हिशेब

हे विधेयक वाचताना जाणवतं की ते एका हिशेबी माणसाने लिहिलंय. एका फटक्यात सगळ्या देशाला सक्ती, असं त्यात कुठेच नव्हतं. इंग्लंडने १८७० आणि १८७६ च्या कायद्यांत जी हळूहळू जायची वाट धरली, तीच त्यांनी उचलली.

नगरपालिकेला किंवा जिल्हा लोकल बोर्डाला वाटलं तर, आणि सरकारने आधी परवानगी दिली तर, त्यांनी आपल्या हद्दीत सक्ती लागू करायची. तीही कुठे? जिथे शाळेच्या वयाच्या मुलांपैकी ठरावीक हिस्सा आधीपासूनच आपणहून शाळेत येतोय, तिथेच. हा हिस्सा सरकारने ठरवायचा होता, गोखल्यांच्या मनात तो ३३ टक्के होता. वय ६ ते १० वर्षं. आधी मुलगे, मुलींचं नंतर. ज्या बापाची कमाई महिना १० रुपयांपेक्षा कमी, त्याच्या मुलाला फी नाही. आणि खर्च? दोन तृतीयांश सरकारने द्यायचा, एक तृतीयांश स्थानिक संस्थेने. त्यासाठी स्थानिक संस्थेला शिक्षणाची वेगळी पट्टी बसवायची मुभा.

मग एकूण रक्कम. चार मुलग्यांतला साधारण एक शाळेत आहे, म्हणजे सगळ्यांना आणायचं तर आजच्या चौपट खर्च येणार. मुलग्यांच्या प्राथमिक शिक्षणावर सगळ्या मार्गांनी मिळून वर्षाला साधारण दीड कोटी जात होते. चौपट केले की सहा कोटी, म्हणजे वाढीव साडेचार कोटी. त्यातला सरकारचा वाटा सुमारे ३ कोटी, स्थानिक संस्थांचा दीड कोटी. आणि हे सगळं काही एका वर्षात येणार नव्हतं, टप्प्याटप्प्याने येणार होतं.

तीन कोटी म्हणजे किती? त्या वेळी सरकारचं वर्षाचं उत्पन्न १०० कोटींच्या वर होतं आणि लष्करावर साधारण ३० कोटी जात होते.

अफूचं उत्पन्न आटत चाललं होतं आणि सरकार तेच कारण पुढे करायचं. त्यावर गोखल्यांनी पैसा कुठून आणायचा तेही सांगितलं. बाहेरून येणाऱ्या मालावरची ५ टक्के जकात थोडी वाढवा. आणि अगदीच जमत नसेल तर मिठावरचा कर पुन्हा थोडा वाढवला तरी मी तयार आहे, असंही त्यांनी सांगून टाकलं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं मिठाच्या करावर हल्ला चढवला तोच हे म्हणत होता. माणसं मीठ थोडं कमी खातील, पण पोरं अडाणी राहण्यापेक्षा ते बरं, हा त्यांचा हिशेब होता. आज कुठल्या पुढाऱ्याने असं काही म्हटलं तर सोशल मीडियावर त्याचं काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा.

दर्जा आधी की मुलं आधी?

विधेयक मतांसाठी देशभर फिरलं. बहुतेक प्रांतिक सरकारांनी नकार कळवला. बऱ्याच स्थानिक संस्थांनाही नवी पट्टी बसवून लोकांच्या शिव्या खायच्या नव्हत्या. काही जमीनदार सभासदांना भीती होती की कुळांची पोरं शाळेत गेली तर शेतावर राबणार कोण. काही मुसलमान सभासदांना शाळेतल्या भाषेची काळजी होती. सरकारचं म्हणणं होतं की लोकांचीच मागणी नाही, शिवाय सक्तीशिवाय वाढायला अजून भरपूर वाव आहे.

पण सगळ्यात वजनदार आक्षेप दर्जाचा होता. आहेत त्या शाळांमध्येच धड मास्तर नाहीत, इमारती नाहीत. आधी त्या सुधारू, मग संख्या वाढवू. ऐकायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं.

गोखल्यांना यातली मेख दिसत होती. दर मुलामागचा खर्च वाढवत नेला की एकूण रक्कम आपोआप फुगते, आणि मग तीच फुगलेली रक्कम दाखवून एवढे पैसे नाहीत म्हणता येतं. म्हणून त्यांनी उलटा क्रम धरला. आधी प्रत्येक पोराला अक्षरओळख द्या, इमारत नसेल तर नसू दे, दर्जाचं त्यानंतर बघू.

यात बरोबर कोण होतं? याचं उत्तर सरकारच्याच कागदात शोधता येतं. फेब्रुवारी १९१३ मध्ये बटलर यांच्या खात्याने शिक्षण धोरणाचा ठराव काढला. त्यात दर्जाचे आकडे दिले होते. शिकलेल्या मास्तराला महिना किमान १२ रुपये मिळावेत. एका मास्तराकडे ५० पेक्षा जास्त मुलं नसावीत, शक्यतो ३० ते ४० असावीत.

आता आपणच गणित करू. १२ रुपये महिना म्हणजे वर्षाला १४४ रुपये. वर्गात ३० मुलं धरली तर दर मुलामागे ४ रुपये ८० पैसे. ४० धरली तर ३ रुपये ६० पैसे. त्या वेळच्या चर्चेत एका मुलामागे वर्षाला ५ रुपये हा दर धरला जात होता.

म्हणजे सरकारने स्वतः ठरवलेल्या दर्जाचा मास्तर त्या ५ रुपयांत बसत होता. जेमतेम बसत होता, हेही खरं. ४० मुलांच्या वर्गात पाटी, फळा, भाडं यासाठी दर मुलामागे रुपया-दीड रुपया उरायचा. ३० च्या वर्गात चार आणेही नाहीत. गोखल्यांचा आकडा चैनीचा नव्हता, पण हवेतलाही नव्हता. आणि त्या किमान १२ रुपयांत मास्तराचं घर कसं चालणार, हे १५ रुपयांच्या पगारावर घर चालवणाऱ्या भावाच्या पैशावर शिकलेल्या माणसाला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्यांच्या योजनेत एक कच्चा दुवा मात्र होता. तो म्हणजे स्थानिक संस्थांचा एक तृतीयांश वाटा. ज्या जिल्ह्यात शाळा सगळ्यात कमी, तोच जिल्हा सगळ्यात गरीब. त्याच्या लोकल बोर्डाकडे एक तृतीयांश आणायला पैसे कुठून येणार? शिवाय ३३ टक्के मुलं आधीच शाळेत हवीत ही अट. म्हणजे जिथे गरज जास्त तिथे कायदा सगळ्यात शेवटी पोचणार. आणि मुलींना नंतर ठेवणं, हा तर बडोद्याच्या मानाने सरळ सरळ मागचा पाय होता. सरकारला घाबरवायचं नाही म्हणून केलेल्या या तडजोडी होत्या. एवढं करूनही सरकार घाबरलंच.

१३ विरुद्ध ३८

डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्जचा दिल्ली दरबार भरला. त्यात शिक्षणासाठी दर वर्षी ५० लाख रुपये जास्तीचे देण्याची घोषणा झाली. आशा वाढली. १८ आणि १९ मार्च १९१२, असे दोन दिवस कलकत्त्यात कौन्सिलात चर्चा झाली. मागणी फक्त एवढीच होती की विधेयक सिलेक्ट कमिटीकडे पाठवा, म्हणजे कलमाकलमांवर बसून बोलता येईल. मदनमोहन मालवीय, मझहरुल हक, मोहम्मद अली जीना बाजूने उभे राहिले. हो, तेच जीना. तेव्हा ते गोखल्यांना फार मानायचे.

कौन्सिलात बहुमत सरकारी सभासदांचं होतं, त्यामुळे निकाल काय लागणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होतं. तरी ते शेवटपर्यंत एकेका आक्षेपाला आकड्याने उत्तर देत राहिले. मतदान झालं. बाजूने १३, विरोधात ३८.

विधेयक तिथेच संपलं. पण ११ महिन्यांनी निघालेल्या त्या १९१३ च्या ठरावात गंमत आहे. सक्ती नको असं म्हणतानाच सरकारने मान्य केलं की मुलग्यांच्या १ लाख सरकारमान्य प्राथमिक शाळांत आणखी ९१ हजारांची भर घालायला हवी आणि साडेबेचाळीस लाख विद्यार्थी दुप्पट करायला हवेत. म्हणजे हिशेब नाकारला आणि त्या हिशेबातलं जवळपास निम्मं उत्तर उचललं. फक्त ते कधीपर्यंत करणार याची तारीख टाकली नाही. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि पैशाची गोष्टच मिटली.

१९१२ च्या शेवटी गोखले दक्षिण आफ्रिकेत जाऊन गांधीजींना भेटून आले. सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनवर काम करत राहिले. १९१४ मध्ये सरकारने सर ही पदवी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. मधुमेह आणि कमजोर हृदय यांनी शरीर पोखरलं होतं. १९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यात ते गेले. वय ४८.

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. ज्या कोल्हापुरात आठ रुपयांच्या मनीऑर्डरीवर गोखले शिकले, त्याच कोल्हापुरात. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतात सक्तीचा कायदा मंजूर करून घेतला, पण तो नगरपालिकांपुरता होता आणि फार थोड्या नगरपालिकांनी तो लागू केला. कारण तेच, आपल्या वाट्याचा पैसा.

देशभराचा कायदा यायला २००९ साल उजाडलं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गोखल्यांच्या पहिल्या ठरावाला तेव्हा १०० वर्षं होऊन गेली होती. वय ६ ते १४, मुलगे आणि मुली दोघंही, आणि एका मास्तरामागे किती मुलं हेही कायद्यातच लिहिलेलं. पाच वर्षांचा खर्च २ लाख ३१ हजार कोटी धरला गेला. केंद्र आणि राज्य यांनी तो कसा वाटून घ्यायचा यावर भरपूर ओढाताण झाली आणि शेवटी ६५ आणि ३५ असा आकडा ठरला. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश. पुढे २०१५ मध्ये तो ६० आणि ४० वर आला.